फक्त मिनिमम भरताय? ब्रिटनमधलं क्रेडिट कार्ड आणि अठरा महिन्यांनी येणारं पत्र

ब्रिटनमध्ये शिकायला, नोकरीला किंवा कायमचं राहायला आलेले आपले लोक क्रेडिट कार्डाच्या कर्जाबद्दलचे हे प्रश्न मला अनेक वर्षं विचारत आले आहेत. सुरुवात बहुतेक वेळा अशीच होते: “ताई, बँकेचं पत्र आलंय, जरा बघता का?” पत्र उघडलेलं असतं, पण पूर्ण वाचलेलं नसतं, कारण पहिल्याच परिच्छेदात ‘डेट’ हा शब्द दिसला की पोटात गोळा येतो. असंच एक पत्र मी स्वतः स्वयंपाकघराच्या खणात सात आठवडे ठेवून दिलं होतं, म्हणून ती भीती मला ठाऊक आहे. मी सल्लागार नाही. नियम वाचले, स्वतःचं कर्ज फेडलं आणि इतरांची पत्रं त्यांच्या शेजारी बसून वाचली, त्यातून जे कळलं ते इथे लिहिते.

मिनिमम पेमेंट म्हणजे नेमकं काय?

स्टेटमेंटवर दोन आकडे असतात: एकूण बाकी आणि मिनिमम. खातं थकीत धरलं जाऊ नये म्हणून त्या महिन्यात निदान एवढं भरा, इतकाच त्या दुसऱ्या आकड्याचा अर्थ. ‘एवढं भरलं की तुमचं बरं चाललंय’ असा अर्थ त्यात नाही, आणि गोंधळ नेमका इथेच होतो.

२०११ पासून ब्रिटनमध्ये उघडलेल्या कार्डांवर मिनिममच्या रकमेतून त्या महिन्याचं व्याज, शुल्क आणि वर मुद्दलाचा किमान १ टक्का एवढं तरी फिटलं पाहिजे. बऱ्याच कार्डांचं सूत्र हेच आहे. सोबत ५ किंवा २५ पौंड अशी एक खालची मर्यादा असते. हिशोबाने येणारी रक्कम त्याहून कमी असेल तर ती मर्यादेएवढी रक्कम भरायची.

मिनिमम वेळेवर भरलं तर व्याज लागत नाही, बरोबर?

नाही. हा गैरसमज शिकल्या-सवरलेल्या माणसांतही सर्रास आढळतो. मिनिमम वेळेवर भरलं की उशिराचं शुल्क लागत नाही. हे शुल्क बहुतेक ठिकाणी १२ पौंड असतं. व्याज मात्र उरलेल्या बाकीवर लागतच राहतं.

शिवाय बिनव्याजी दिवसही हातचे जातात. एकूण बाकी दर महिन्याला पूर्ण भरणाऱ्याला खरेदीवर साधारण ५६ दिवसांपर्यंत व्याज लागत नाही. बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवरही, अगदी काल घेतलेल्या दुधा-भाजीवरही, पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होतं. म्हणून मिनिमम भरणाऱ्याने निदान रोजची खरेदी तरी त्या कार्डावर करू नये. ती डेबिट कार्डावर करावी.

आकड्यांत सांगाल का? टक्केवारी डोक्यात शिरत नाही.

सांगते. टक्केवारी वाचून माझ्याही डोक्यात काही शिरलं नव्हतं. वहीत मांडून बघितलं तेव्हा झोप उडाली.

समजा कार्डावर ३,००० पौंड बाकी आहे, वार्षिक दर २४.९ टक्के आहे आणि नवी खरेदी पूर्ण थांबवली आहे. महिन्याचं व्याज साधारण १.८७ टक्के पडतं. मिनिमम म्हणजे हे व्याज अधिक मुद्दलाचा १ टक्का. पहिल्या महिन्यात ५६ पौंड व्याज आणि ३० पौंड मुद्दल, म्हणजे ८६ पौंड. घरातून ८६ गेले आणि कर्ज कमी झालं ३० ने.

पुढच्या महिन्यात बाकी थोडी घटते, म्हणून मिनिममही थोडं घटतं. तुम्हाला वाटतं, भार हलका होतोय. प्रत्यक्षात तुमचा फेडण्याचा वेगच मंदावत असतो. अठरा महिन्यांनी तुम्ही एकूण सुमारे १,४२५ पौंड भरलेले असतात, त्यातले ९२८ व्याजात जातात आणि बाकी अजून २,५०० च्या वरच असते. मिनिमम २५ पौंडांखाली जात नाही असं धरलं, तर असंच भरत राहिल्यास कर्ज संपायला जवळपास १५ वर्षं लागतात आणि व्याज होतं साधारण ४,५०० पौंड. म्हणजे ३,००० चे साडेसात हजार.

आता यात एकच बदल करा. पहिल्या महिन्याचे ८६ पौंड तेवढेच ठेवा, मिनिमम कितीही घटलं तरी दर महिन्याला ८६ च भरा. कर्ज पावणेपाच वर्षांत संपतं आणि व्याज सुमारे १,९०० पौंडांवर थांबतं. १०० भरले तर पावणेचार वर्षांच्या आत सुटका होते आणि व्याज साधारण १,४४० लागतं. १२५ भरले तर ३३ महिन्यांत सगळं फिटतं, व्याज हजाराच्या आसपास.

१५ वर्षं आणि पावणेपाच वर्षं यांतला फरक जास्त पैसे भरल्याने पडलेला नाही. पहिल्या महिन्यात दोन्हीकडे ८६ च भरायचे आहेत. फरक पडला तो रक्कम घटू न दिल्याने.

‘पर्सिस्टंट डेट’ हे काय प्रकरण आहे?

शब्दशः अर्थ घ्यायचा तर चिकटून बसलेलं कर्ज. मी त्याला रेंगाळलेलं कर्ज म्हणते. ब्रिटनच्या वित्तीय नियामकाने, म्हणजे फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीने, त्याची व्याख्या नेमकी बांधली आहे. मागच्या १८ महिन्यांत तुम्ही व्याज आणि शुल्कापोटी जेवढं भरलं, त्यापेक्षा मुद्दलात कमी भरलं असेल, तर तुम्ही पर्सिस्टंट डेटमध्ये आहात.

हे नियम १ मार्च २०१८ पासून लागू झाले आणि कार्ड कंपन्यांना पूर्ण तयारीसाठी त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरपर्यंत मुदत मिळाली. त्याआधी नियामकाने कार्डांच्या बाजाराचा मोठा अभ्यास केला होता. त्यात दिसलं की लाखो लोक वर्षानुवर्षं याच फेऱ्यात आहेत आणि मुद्दलाचा १ पौंड फेडण्यासाठी ते सरासरी अडीच पौंड व्याज आणि शुल्क भरत आहेत. हे लोक हप्ता चुकवत नव्हते. त्यामुळे कंपन्यांना त्यांची काळजी करण्याचं कारण नव्हतं. उलट त्यांच्यासाठी ते उत्तम ग्राहक होते. म्हणून नियम करावा लागला.

मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही. मग मला हे पत्र का?

हा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज दुखावलेला असतो. “आम्ही कधी कुणाचा एक रुपया बुडवला नाही” हे वाक्य मी किती तरी जणांकडून ऐकलं आहे. म्हणून आधी हे स्पष्ट करते: हे पत्र म्हणजे तुमच्यावरचा आरोप नाही. तुम्ही काही बुडवलंय असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

आता कारण बघा. मिनिमममध्ये मुद्दलाचा वाटा महिन्याला १ टक्का. व्याजाचा मासिक दर १ टक्क्याहून जास्त असेल, तर दर महिन्याला व्याज हे मुद्दलाहून जास्तच भरलं जाणार. मासिक १ टक्का म्हणजे वार्षिक साधारण १२.७ टक्के, आणि ब्रिटनमधल्या बहुसंख्य कार्डांचा दर याहून कितीतरी वर असतो. याचा सरळ अर्थ असा की अशा कार्डावर जो माणूस इमानेइतबारे फक्त मिनिमम भरत राहील, तो १८ महिन्यांनी पर्सिस्टंट डेटमध्ये सापडणारच. त्यात ना त्याचा आळस, ना त्याची उधळपट्टी. सूत्रच तसं आहे.

ही गोष्ट मला उमगली त्या दिवशी माझी लाज निम्मी गळून पडली. त्याआधी मला वाटायचं, आपल्यालाच पैसा सांभाळता येत नाही.

१८ महिन्यांनी येणाऱ्या पत्रात काय असतं?

तीन गोष्टी. मुद्दलापेक्षा व्याज-शुल्क जास्त भरताय, जमेल तर दरमहा रक्कम वाढवा. असंच चालू राहिलं तर पुढे कार्ड थांबवलं जाऊ शकतं. आणि मोफत सल्ला कुठे मिळेल त्याची माहिती. नऊ महिन्यांनी, म्हणजे २७ व्या महिन्याच्या सुमारास, परिस्थिती तीच असेल तर पुन्हा आठवण येते.

पहिल्या पत्रानंतर लगेच काही बंद होत नाही. पण उत्तर देण्याची सगळ्यात सोपी वेळ हीच. वरच्याच उदाहरणात बघा: ३,००० पौंडांच्या बाकीवर सुरुवातीपासून दरमहा ८६ ऐवजी १०० भरले असते, तर १८ महिन्यांत मुद्दलात सुमारे ९२९ आणि व्याजात ८७१ गेले असते. हे पत्र आलंच नसतं. फरक १४ पौंडांचा. आणि ८६ च कायम ठेवले असते तर? तरीही पत्र आलं असतं, कारण पहिल्या दीड वर्षात व्याजाचाच वाटा मोठा असतो. तेव्हा रक्कम कायम ठेवणाऱ्याला पत्र आलं तरी त्याने खचू नये, तो योग्य वाटेवरच आहे.

३६ महिन्यांनी काय होतं?

इथे कंपनीवर खरी जबाबदारी येते. दुसऱ्या १८ महिन्यांतही व्याजच जास्त भरलं गेलं असेल, तर कंपनीने तुम्हाला वाजवी काळात, म्हणजे साधारण तीन ते चार वर्षांत, बाकी फेडण्याचे मार्ग देऊ केले पाहिजेत. उदाहरणार्थ, ठरावीक वाढीव हप्ता, किंवा कमी दराच्या कर्जात ती बाकी वळवणं.

तुम्ही उत्तरच दिलं नाही, किंवा परवडतंय पण भरणार नाही असं म्हणालात, तर कंपनीला तुमचं कार्ड वापरासाठी थांबवावं लागतं. आणि तुम्ही सांगितलंत की यातला कुठलाच मार्ग परवडत नाही, तर कंपनीने सवलत द्यायची असते: व्याज कमी करणं, माफ करणं, शुल्क रद्द करणं. हा भाग लोकांना माहीतच नसतो. ‘परवडत नाही’ असं कबूल करायला आपण इतके कचरतो की गप्प बसतो, आणि गप्प बसणाऱ्याच्या वाट्याला कार्ड बंद होणं तेवढं येतं, सवलत येत नाही.

आकडा पुन्हा बघा, कारण भीती नेहमी आकड्यापेक्षा मोठी असते. त्याच ३,००० च्या कार्डावर ३६ महिने फक्त मिनिमम भरलं, तर सुमारे २,०९० पौंड उरतात. त्या वेळचं मिनिमम साधारण ६० पौंड असतं. तीच बाकी त्याच व्याजदराने चार वर्षांत संपवायला लागणारा ठरावीक हप्ता आहे सुमारे ६६ पौंड. महिन्याला सहा पौंड जास्त, आणि रक्कम घटू द्यायची नाही.

पहिली ३६ महिन्यांची पत्रं २०२० च्या सुरुवातीला गेली आणि पाठोपाठ कोविड आला. तेव्हा नियामकाने उत्तर देण्याची मुदत १ ऑक्टोबर २०२० पर्यंत वाढवली होती. त्या काळातली सवलत आज लागू नाही. जुन्या लेखांत तिचा उल्लेख वाचून थांबून राहू नका.

कार्ड थांबवलं म्हणजे सगळी रक्कम एकदम भरावी लागते का?

नाही. नवी खरेदी थांबते, जुनी बाकी आधीसारखीच हप्त्याने फेडायची. त्या कार्डावर जिमचं, फोनचं किंवा वर्गणीचं काही आपोआप कापलं जात असेल तर मात्र ते वेळेवर दुसरीकडे वळवा.

क्रेडिट स्कोअरचं काय? घर घ्यायचं आहे.

वेळेवर भरलेले हप्ते चांगलेच दिसतात. पण तुम्ही महिनोन् महिने फक्त मिनिमम भरताय ही माहितीही कर्ज देणाऱ्या इतर संस्थांना दिसू शकते, आणि लिमिटच्या जवळ टेकलेली बाकी कुणालाच आवडत नाही. सवलतीची व्यवस्था केली तर तिची नोंद तुमच्या क्रेडिट फाइलवर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासात, होऊ शकते, तेव्हा होकार देण्याआधी तसं विचारून घ्या. डिफॉल्टची, म्हणजे कर्ज थकवल्याची, नोंद ६ वर्षं राहते.

गृहकर्जाच्या काळजीने सवलत मागायचं टाळणाऱ्यांना मी एकच विचारते: या बाकीसह आज अर्ज केला तर कर्ज मिळेल का? बहुतेकांना उत्तर माहीत असतं.

बँकच लिमिट वाढवून देते आहे. घेऊ का?

मिनिमम भरत असाल तर नको. १२ महिने पर्सिस्टंट डेटमध्ये असलेल्या ग्राहकांना आपणहून वाढीव लिमिट देऊ करायचं नाही, असं कार्ड कंपन्यांनी मान्य केलेलं आहे. आपोआप वाढ नको असेल तर तसं कंपनीला कळवताही येतं.

वाढवून भरणं खरंच शक्य नाही. घरभाडं आणि पाळणाघर यातच पगार संपतो.

मग हे कार्डाचं गणित बाजूला ठेवा आणि आधी सल्ला घ्या. स्टेपचेंज, नॅशनल डेटलाइन आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या संस्था मोफत मदत करतात. कर्ज मिटवून देतो म्हणून फी मागणारा कुणी भेटला, मग तो आपल्याच गावचा असला तरी, त्याला पैसे देऊ नका.

इंग्लंड आणि वेल्समध्ये ४ मे २०२१ पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ नावाची कायदेशीर सोय आहे. सल्लागारामार्फत अर्ज केला आणि तुम्ही निकषांत बसलात, तर ६० दिवस बहुतेक कर्जांवरचं व्याज आणि शुल्क थांबतं, वसुलीची कारवाईही थांबते. चालू बिलं मात्र त्या काळातही भरायची. स्कॉटलंडमधली व्यवस्था वेगळी आहे. तिथे राहत असाल तर तिथल्याच सल्लागाराशी बोला.

फोन करण्याआधी एका कागदावर महिन्याची आवक, भाडं, कौन्सिल टॅक्स, वीज-गॅस, किराणा, प्रवास आणि सगळी कर्जं लिहून ठेवा. घरी पाठवायची रक्कमही लिहा. आपले लोक ती हमखास वगळतात, कारण ती त्यांना खर्च वाटतच नाही. आई-वडिलांना दरमहा २०० पौंड जात असतील तर तोही तुमचा खर्च आहे आणि सल्लागाराला तो माहीत असायला हवा. नाहीतर कागदावर तुम्हाला सगळं परवडतं आणि २५ तारखेला खात्यात काही उरत नाही.

डायरेक्ट डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता, ‘मिनिमम’वर लावलं आहे. ते ठीक आहे ना?

हप्ता चुकू नये म्हणून लावलं असेल तर चांगलंच केलंत. पण ते बदलून ठरावीक रकमेवर न्या. बहुतेक ॲपमध्ये तीन पर्याय असतात: मिनिमम, पूर्ण बाकी, ठरावीक रक्कम. आजच्या स्टेटमेंटवर जे मिनिमम आहे त्यापेक्षा थोडी वरची पूर्ण रक्कम टाका आणि ती तशीच राहू द्या. ॲपमध्ये हा पर्याय सापडला नाही तर फोन करून सांगा.

कुठल्या महिन्यात मिनिममच त्या रकमेच्या वर गेलं तर काय, याची भीती वाटते. नवी खरेदी थांबवली असेल तर मिनिमम घटतच जातं, त्यामुळे ती वेळ सहसा येत नाही.

तीन कार्डं आहेत. कुठलं आधी फेडू?

सगळ्यांवर मिनिमम भरा आणि उरलेला प्रत्येक पौंड सर्वाधिक व्याजदराच्या कार्डावर टाका. काही जण सर्वांत लहान बाकी आधी संपवतात, एक कार्ड संपल्याचा हुरूप येतो म्हणून. हिशोबाने थोडं महाग पडतं, पण त्याने तुमचा धीर टिकणार असेल तर मी अडवणार नाही.

शून्य टक्क्याच्या कार्डावर बाकी हलवू का?

मिळत असेल आणि शिस्त असेल तर जरूर. हलवण्याचं शुल्क लागतं, अनेकदा ३ टक्क्यांच्या आसपास. ३,००० वर ९० पौंड. आधीच्या उदाहरणात व्याजच महिन्याला ५६ होतं, म्हणजे दोन महिन्यांत शुल्क वसूल. बिनव्याजी महिन्यांच्या संख्येने बाकीला भागा आणि येणारी रक्कम दरमहा भरा. पण रिकामं झालेलं जुनं कार्ड पुन्हा भरू लागलं तर दोन कर्जं होतात. असं झालेलं मी एकाहून अधिक घरांत पाहिलं आहे. जुनं कार्ड बंद करून टाका.

कार्डावरून भारतात पैसे पाठवले. मग बाकी इतकी झपाट्याने का वाढली?

कार्डावरून रोख काढणं आणि बऱ्याचदा पैसे पाठवण्याच्या सेवेला कार्डाने पैसे देणं, हे दोन्ही ‘कॅश’ व्यवहार धरले जातात. त्यावर वेगळं शुल्क असतं, दरही अनेकदा जास्त असतो आणि बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. एक दिलासा आहे: २०११ पासूनच्या नियमानुसार तुम्ही भरलेली रक्कम आधी सर्वाधिक दराच्या भागाकडे वळते.

घरी तातडीची गरज असते, हॉस्पिटलचं बिल असतं, हे मला समजतं. शक्य असेल तर पैसे खात्यातून पाठवा आणि इथला किराणा कार्डावर घ्या. खर्च तेवढाच, पण कॅशचं शुल्क वाचतं.

कार्ड माझ्या नावावर, पण वापर नवऱ्याचा. जबाबदारी कुणाची?

मुख्य कार्डधारकाची. ब्रिटनमध्ये जोडकार्ड घेतलेल्याने केलेल्या खर्चाचीही बाकी तुमच्याच नावावर असते. हे कुणाही विरुद्ध बोलण्यासाठी सांगत नाही, पण ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याने दर महिन्याचं स्टेटमेंट स्वतः उघडून पाहावं. “ते बघतात सगळं” असं म्हणणाऱ्या बायकांना बाकीचा आकडा पहिल्यांदा कळतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला अजून विसरता आलेलं नाही.

आम्ही कायमचे भारतात परत चाललोय. हे कर्ज इथेच राहील का?

राहत नाही. ब्रिटनमध्ये तुमच्या नावावर खातं थकलं की डिफॉल्ट लागतो, खटला होऊ शकतो. कागदपत्रं जुन्या पत्त्यावर जातात, तुम्हाला कळतही नाही आणि तुमच्या गैरहजेरीत निकाल लागतो. भारताच्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ नुसार ब्रिटन हा परस्पर मान्यतेचा प्रदेश आहे. तिथल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशाबाबतचे हुकूमनामे भारतातल्या जिल्हा न्यायालयामार्फत अमलात आणता येतात.

जाण्याआधी कंपनीला नवा पत्ता आणि ईमेल कळवा, हप्त्याची व्यवस्था लावा. पुन्हा कधी इथे यायचं असेल, मुलांना इथे शिकवायचं असेल, तर ही फाइल स्वच्छ असलेली बरी.

भारतातल्या कार्डांना असा १८ महिन्यांचा नियम आहे का?

असा टप्प्याटप्प्याने कंपनीला भाग पाडणारा नियम नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत दोन महत्त्वाच्या गोष्टी घातल्या. मिनिमम असं ठरवायचं की ते भरूनही बाकी वाढत गेली असं होऊ नये. आणि फक्त मिनिमम भरलं तर फेड महिनोन् महिने, वर्षानुवर्षं लांबते आणि चक्रवाढ व्याज लागतं, असा इशारा स्टेटमेंटवर द्यायचा.

पण व्याज बघा. महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपासचा दर तिथे सर्रास आढळतो. १ लाख रुपये बाकीवर ५ टक्के मिनिमम म्हणजे ५,०००. त्यात ३,५०० व्याज, व्याजावर १८ टक्के जीएसटी ६३०, आणि मुद्दलात जातात ८७०. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं वार्षिक व्याज अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. इकडे राहून पुण्या-मुंबईचं जुनं कार्ड चालू ठेवणाऱ्यांनी आधी ते फेडावं. पौंडातल्या कार्डापेक्षा ते जास्त वेगाने खातं.

कंपनीने पत्रच पाठवलं नाही, किंवा परवडत नाही सांगूनही ऐकलं नाही, तर?

कंपनीकडे रीतसर तक्रार करा. फोनवर केली तर तारीख, वेळ आणि बोलणाऱ्याचं नाव टिपून ठेवा. लेखी केली तर उत्तम. अंतिम उत्तर द्यायला त्यांना ८ आठवडे असतात. उत्तर पटलं नाही किंवा आलंच नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे, म्हणजे अशा तक्रारींचा निवाडा करणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे, जा. ग्राहकाला ते मोफत आहे. अंतिम उत्तराच्या तारखेपासून ६ महिन्यांच्या आत जावं लागतं.

तक्रारीत रागाने लिहू नका, तारखा लिहा. कधीपासून फक्त मिनिमम भरत होता, त्या काळात लिमिट वाढवली का, अडचण कधी सांगितली, त्यांनी काय उत्तर दिलं.

पत्र हातात आहे. आज नेमकं काय करू?

शेवटपर्यंत वाचा आणि ते १८ चं, २७ चं की ३६ चं ते बघा. उत्तराची तारीख दिली असेल तर तिच्याभोवती गोल करा. मागच्या स्टेटमेंटवरून बाकी, व्याजदर आणि मिनिमम हे तीन आकडे कागदावर उतरवा.

थोडी वाढीव ठरावीक रक्कम झेपते असं दिसलं, तर आजच डायरेक्ट डेबिट बदला आणि ते कार्ड पाकिटातून काढून ठेवा. झेपत नसेल तर आधी मोफत सल्लागाराला फोन, मग कंपनीला. इंग्रजीत बोलताना अडखळायला होत असेल तर दोन वाक्यं लिहून समोर ठेवा: मला हे पत्र आलं आहे, आणि सुचवलेली रक्कम मला परवडत नाही. पुढचे प्रश्न तेच विचारतील.

आणि घरात एका माणसाला सांगा. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो काहीच बोलला नाही. उठून वही घेऊन आला.